'चांगली वस्ती' म्हणजे कुणासाठी चांगली?

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की तालुक्याच्या गावांतून मुंबई बघायला जायची बोलणी सुरू होतात. पोरांना समुद्र आणि राणीची बाग बघायची असते, सासूबाईंना सिद्धिविनायक आणि महालक्ष्मी करायची असते. पैसे किती लागतील, गाडी कुठली, रजा किती यावर चार रात्री खल होतो. राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र एका वाक्यात निकालात निघतो. "बायका-मुलं बरोबर आहेत, चांगल्या वस्तीत उतरू." हे वाक्य बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष बोलतो, आणि त्यात वाद घालण्यासारखं कुणालाच काही दिसत नाही. मला दिसतं, म्हणून हा लेख.

गेली दहा-बारा वर्षं मी जिल्ह्याच्या ठिकाणी बायकांच्या संघटनेत काम करते. बचत गटाच्या बैठकीत हिशोब संपले की गप्पा सुरू होतात, आणि त्या गप्पांत सहलींच्या हकिकती असतातच. काय पाहिलं ते बायका थोडक्यात सांगतात. कुठे उतरलो होतो ते मात्र त्या तपशिलाने सांगतात. संडास व्हरांड्याच्या टोकाला होता आणि रात्री तिथला दिवा बंद असायचा, म्हणून संध्याकाळपासून पाणीच प्यायले नाही. दाराला आतून कडी नव्हती, ट्रंक लावून झोपलो. अवचित पाळी आली आणि नळाला पाणी सकाळी सातला. तीन जिने चढून सासूचे गुडघे गेले आणि दोन्ही दिवस मीच तिच्यापाशी खोलीत बसून राहिले, समुद्र त्यांनी पाहिला. जागा ठरवताना यातलं काहीही विचारलं गेलेलं नसतं. स्टेशनपासून किती लांब, भाडं किती आणि 'एरिया' कसा, एवढंच विचारलेलं असतं.

या 'एरिया'कडेच जरा नीट पाहायला हवं. चांगला एरिया म्हणजे काय, असं बैठकीत विचारलं तर उत्तरं साधारण सारखी येतात. शांत, स्वच्छ, आपल्यासारखी माणसं. आणि वाईट? ग्रँट रोडच्या बाजूला नको, कामाठीपुरा जवळ आहे. मुंबई सेंट्रलच्या मागे नको. महंमद अली रोड, भेंडी बाजार तर नकोच. म्हणजे जिथे धंदा करणाऱ्या बाया राहतात, जिथे मुसलमान राहतात, जिथे अंगमेहनत करणारी माणसं रस्त्यावर दिसतात, ती वस्ती वाईट. 'चांगली' हा शब्द घाण किंवा अंधार मोजायला वापरलेलाच नसतो. तो जात, धर्म आणि बाईची अब्रू मोजायला वापरलेला असतो. कामाठीपुऱ्याचं नाव घेताना पदर सावरणाऱ्या आपल्याच बायकांना मी आठवण करून देते, की बेळगाव, सांगली, कोल्हापूरकडच्या देवदासी मुली तिथे पोचल्या त्या आपल्याच गावांतून, आपल्याच देवीच्या नावाने. त्यांच्या गल्लीवरून आपली पोरं गेली तर पोरं बिघडतील, आणि त्यांना तिथे धाडणारं गाव मात्र चांगलं, हा कुठला हिशोब?

आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर रात्री दहाला बाहेर पडून बघावं. महंमद अली रोडवर रमजानात मध्यरात्रीपर्यंत बायका पोरांना घेऊन खात-पीत, खरेदी करत फिरत असतात. दादर स्टेशनबाहेर भाजी-फुलांचे विक्रेते, टपऱ्या, माणसांची ये-जा. उलट ज्याला आपण शांत आणि चांगला म्हणतो त्या गल्लीत नऊ वाजताच चिटपाखरू नसतं. दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या, उंच कुंपणं, एक झोपाळू वॉचमन. तिथे हाक मारली तर ऐकायला कोण आहे? गर्दीचा प्रत्येक रस्ता बाईला सुरक्षित असतो असं माझं म्हणणं नाही. दारूच्या गुत्त्याबाहेरही गर्दीच असते. पण एक साधी खूण आहे, ती कुठल्याही शहरात चालते. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर बायका दिसतात का? कामाशिवाय उभ्या दिसतात का? दिसत असतील तर तिथे उतरावं, मग शेजारी मशीद असो, मासळीबाजार असो की देऊळ असो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली लिहिलं. बाईच्या सुरक्षिततेचं नाव पुढे करून गरीब, दलित, मुसलमान पुरुषांना रस्त्यावरून हाकलायचं आणि बाईलाही घरातच ठेवायचं, हा दुहेरी डाव त्यांनी नेमका पकडला आहे. रस्त्यावर बाई दिसली की तिच्याकडे काहीतरी 'काम' असावं लागतं, नुसतं रेंगाळायची तिला मुभा नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. सहलीला आलेली बाई तर कामाशिवायच आलेली असते! म्हणूनच तिला चांगल्या वस्तीत नेऊन ठेवायची एवढी घाई. दरवर्षीचे राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडे काय सांगतात? नोंदलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. अनोळखी वस्तीची भीती घालून आपल्याला ज्या ओळखीच्या घरांत ढकललं जातं, त्या घरांबद्दल कुणी सावध करत नाही.

ओळखीच्या घराचाच विषय निघाला आहे तर तेही बोलून टाकते. "लॉज कशाला? मुंबईत आपली माणसं आहेत." चुलतभाऊ परळला, मेव्हणी डोंबिवलीला. पैसे वाचतात, वस्तीही ओळखीची. कुणाचे पैसे वाचतात आणि कुणाच्या अंगावर येतात? दहा बाय बाराच्या खोलीत पाच पाहुणे उतरले की त्या घरची बाई पहाटे चारला उठते, पाणी भरते, सगळ्यांचा डबा करते, साडेसातची लोकल पकडते, परत येऊन पुन्हा स्वयंपाक. पाहुणी आलेली बाईही सुटीवर नसतेच. परक्या घरात हातावर हात ठेवून कसं बसायचं, म्हणून ती भांडी घासते, पोळ्या लाटते. दोघी मिळून आठ-दहा माणसांचं करतात आणि दोघींचे नवरे चौपाटीवर भेळ खातात. रात्री न्हाणीघरापाशी अंथरूण पडतं तेही या दोघींचंच. याला आपण पाहुणचार म्हणतो. श्रम मोजायचे झाले तर दोन बायकांनी खानावळ चालवली, बिनपैशाची. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी हजारो कामगारांना जेवू घातलं, तेव्हा त्याला काम म्हणायला १९७५ साल उजाडावं लागलं. प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा. पाहुण्यांच्या पोळ्यांना काम म्हणायला अजून किती सालं लागणार?

मुंबईत स्वस्तात उतरायची सोय कधीच नव्हती असं नाही. होती, पण ती पुरुषांची. कोकणातल्या गावांच्या गावकरी खोल्या होत्या. वर्गणी भरायची, वळकटी ठेवायची, पाळीपाळीने झोपायचं. गोव्याच्या गावांचे 'कूड' होते, धोबीतलाव-माझगावकडे. बोटीवर जाणारा पुरुष तिथे टेकायचा. गावाने आपल्या पुरुषासाठी शहरात पथारीची जागा राखून ठेवली होती. बाईसाठी नाही, कारण बाई गावात राहून म्हातारी-पोरं आणि शेती बघणार हे गृहीतच होतं. गिरगाव-भुलेश्वरकडच्या धर्मशाळा ज्ञातींच्या, त्यामुळे जातवाल्यांनाच उघड्या. आज बाई शहरात येते तेव्हा ती मुळात तिच्यासाठी न केलेल्या व्यवस्थेत अंग चोरून शिरते.

लॉजच्या काउंटरवर तर हे उघडच होतं. पाटीवर लिहिलेलं असतं, 'फॅमिलीसाठी उत्तम सोय'. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी आणि एक बारा वर्षांची मुलगी मुंबईत एका लॉजवर गेलो. आदल्या दिवशी फोनवर खोली आहे म्हणाले होते. व्यवस्थापकाने आमच्या मागे पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. "जेन्ट्स कोण आहे बरोबर?" कुणी नाही म्हटल्यावर खोली भरली. आई, मुलगी, मावशी ही फॅमिली नव्हे! एक पुरुष आणि त्याची कुणीही, ही फॅमिली. आमच्यातली एक मुसलमान. दुसऱ्या लॉजमध्ये तिचं ओळखपत्र हातात घेतल्यावर खोली भरली. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली, भेंडी बाजारच्या हद्दीवर, त्या 'वाईट' वस्तीत. काउंटरवर म्हातारा गृहस्थ होता. त्याने विचारलं ते एवढंच, की मुलीला दूध हवंय का.

यात नाराज होऊन गप्प बसायचं काही कारण नाही. भारताच्या राज्यघटनेच्या १५व्या कलमाचा दुसरा भाग वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत कुणालाही मज्जाव करता येत नाही. हॉटेल हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे, आणि लिंग हाही. तो कसा आला हेही आपण विसरू नये. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना कुणी उतरू देईना. पारशी धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहावं लागलं, आणि कळल्यावर लोक लाठ्या घेऊन आले. चवदार तळं १९२७चं. अस्पृश्यता कायदा १९५५चा, पुढे १९७६पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाणारा, त्यात हॉटेल आणि धर्मशाळा दोन्ही नावानिशी आहेत. कुणी कुठे उतरावं हा आपल्या देशात कधीच फक्त सोयीचा प्रश्न नव्हता.

पोलीसही यात मागे नसतात. ऑगस्ट २०१५मध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून सुमारे ४० जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढलं. अनेकांवर 'सार्वजनिक' असभ्य वर्तनाचं कलम लावलं. बंद दाराच्या खोलीत सार्वजनिक काय होतं? २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, की लग्न न झालेल्या दोघांनी हॉटेलात राहायला बंदी करणारा कायदाच नाही. तरीही काउंटरवर लग्नाचा पुरावा मागतात. आणखी एक अलिखित नियम कितीतरी ठिकाणी चालतो: ओळखपत्रावर त्याच शहराचा पत्ता असेल तर खोली नाही. तो 'लफडी' थांबवायला आहे म्हणे. रात्री अकराला नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या मुंबईच्या बाईच्या ओळखपत्रावर कुठला पत्ता असतो? त्याच घराचा. हातात पैसे असूनही ती फलाटावर बसते.

सरकारचं बघा. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. चांगलं झालं, आमच्या गटातल्या बायका त्यामुळे पहिल्यांदा एकट्यादुकट्या जिल्ह्याबाहेर गेल्या. पण परळला किंवा मुंबई सेंट्रलला उतरून पुढे काय? सरकारी खाट बाईला मिळते ती मार खाल्ला असेल तर वन स्टॉप सेंटरमध्ये, तीही पाच दिवस. पोलिसांनी 'सोडवली' असेल तर सुधारगृहात. नोकरी असेल तर नोकरदार महिलांच्या वसतिगृहात, नंबर लागला तर. पीडित, पतित किंवा पगारदार. नुसती शहर बघायला आलेली धडधाकट बाई सरकारच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि एक सहल अशी आहे, जिथे वस्ती निवडायचा प्रश्नच येत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसं चैत्यभूमीला येतात. सहकुटुंब येतात. भाकरी-चटणी बांधून, तान्ही पोरं घेऊन बायका शिवाजी पार्कात उतरतात, राजगृह बघतात, पुस्तकं विकत घेतात, जमलं तर गेटवेला जातात. दादरच्या 'चांगल्या वस्तीत' त्यांचा मुक्काम असतो आणि दरवर्षी त्या वस्तीतून कुरकुर निघते, घाण होते म्हणून. महापालिका मांडव, पाण्याचे टँकर, फिरते संडास उभे करते. कुणी मागितल्याशिवाय हे झालेलं नाही, वर्षानुवर्षं मागून झालं. पण संडासापुढच्या रांगा कुणाच्या असतात ते जाऊन पाहा. मुंबईतल्या संघटनांनी २०११पासून 'राईट टू पी'ची मोहीम चालवली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे का, हे विचारलं. ती मोहीम पाहुण्या बायकांचीही आहे.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हे विषय घ्या. घरची सहल ठरत असेल तर जागा बाईने ठरवायची, फोन बाईने करायचा, आणि कडी, पाणी, संडास, जिना हे आधी विचारायचं. नातेवाइकांकडे उतरायचंच असेल तर स्वयंपाक पुरुषांनी करायचा किंवा जेवण बाहेरून आणायचं, हे निघायच्या आधी मोकळेपणी बोलून घ्यायचं. बाई म्हणून, नाव वाचून किंवा बरोबर पुरुष नाही म्हणून खोली नाकारली तर तारीख, वेळ, पत्ता टिपून ठेवायचा आणि लेखी कारण मागायचं. ते देणार नाहीत, पण मागितल्याची नोंद आपल्याकडे राहते. एसटीच्या मोठ्या आगारांत बायकांसाठी रात्रभर उघडी, कडीची, पाण्याची झोपायची खोली हवी, माफक भाड्यात, नवऱ्याचं नाव न विचारता. जिथे जिथे आपले गट आहेत तिथल्या आगारप्रमुखांना हे पत्र या तिमाहीतच जायला हवं. पत्राचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. आपापल्या गावाचं नाव घालून, खाली जमतील तितक्या सह्या आणि अंगठे घेऊन पाठवा, आणि एक प्रत अंकाच्या पत्त्यावर.