टाळी एका हाताने वाजत नाही म्हणे!

२०२२ च्या मे महिन्यात एका वृत्तवाहिनीतून मला फोन आला. नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार कायद्याने गुन्हा मानावा का, यावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ११ मे रोजी दोन वेगवेगळे निकाल दिले होते. त्याच संध्याकाळी चर्चा ठेवली होती. फोनवरची मुलगी घाईत होती. "मॅडम, तुम्ही बाजूने की विरोधात?" मी विचारलं, कशाच्या? ती जरा थांबली आणि म्हणाली, "विरोधातला पाहुणा मिळालाय आम्हाला. बाजूने बोलणारं कुणीतरी हवंय."

मी गेले. गेले याचा आजही पश्चात्ताप होतो. तो का, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल. पार वॉशिंग्टनहून.

१९९० ते १९९४ मी न्यू जर्सीत होते. नवऱ्याची नोकरी, मी अवलंबित व्हिसावर. म्हणजे कमवायची परवानगी नाही, मत द्यायचा तर प्रश्नच नाही. संध्याकाळी सीएनएनवर 'क्रॉसफायर' लागायचं. कुकर लावून मी समोर बसे. इंग्रजी सुधारावं म्हणून बघायला लागले आणि मग चटक लागली, खोटं कशाला बोलू! अर्धा तास, दोन सूत्रसंचालक, एक डावा, एक उजवा. पाहुणेही तसेच, एक इकडचा, एक तिकडचा. मधे कोणी नाही. क्रॉसफायर म्हणजे दोन्हीकडून होणारा गोळीबार. त्यात मधे सापडलेल्याचं काय होतं, हे नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात नसावं.

हा कार्यक्रम सुरू झाला १९८२ च्या जूनमध्ये. महिना लक्षात ठेवा. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती अमेरिकेत त्याच महिन्याच्या ३० तारखेला मुदत संपून बारगळली. अडतीस राज्यांची मंजुरी हवी होती, पस्तिसांवर गाडी अडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेतल्या बायकांना 'तुमची समानता हा अजून वादाचा विषय आहे' असं सांगितलं गेलं, त्याच महिन्यात वादाचं हे दुकान थाटलं गेलं, एवढं खरं.

दुकान म्हणते ते उगाच नाही. टेड टर्नर यांनी १९८० साली चोवीस तास बातम्यांची वाहिनी काढली. चोवीस तास भरायचे कशाने? बातमी आणायची तर माणूस पाठवावा लागतो, कॅमेरा पाठवावा लागतो, महिना महिना एका प्रकरणामागे लागावं लागतं. चार माणसं टेबलाभोवती बसवून भांडायला लावणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. भांडण मिटलं तर उद्याचं काय, म्हणून ते मिटू द्यायचं नाही हेही ओघाने आलंच.

आणि त्या खुर्च्यांवर कोण? उजवीकडे पॅट बुकॅनन, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची भाषणं लिहिणारे. १९८५ मध्ये ते रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये गेले, १९८७ मध्ये परत आले, पुढे स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, हरले, पुन्हा खुर्चीत. १९९२ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या पक्ष-अधिवेशनात त्यांनी 'सांस्कृतिक युद्ध' पुकारलं. शत्रूंच्या यादीत गर्भपाताचा हक्क होता, स्त्रीवाद होता. आणि डावीकडे? पहिले डावे टॉम ब्रेडन हे एकेकाळचे सीआयएचे अधिकारी! हसू नका. डावं कोणाला म्हणायचं हे वाहिनी ठरवणार आणि त्या डाव्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या बायका आपोआप अतिरेकी ठरणार.

पहिली बारा-तेरा वर्षं या कायमच्या खुर्च्यांवर पुरुषच होते. गर्भपातावर वाद घालणारा पुरुष, त्याला उत्तर देणारा पुरुष. १९८४ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या जेराल्डिन फेरारो १९९६ मध्ये आल्या. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण चौकट आहे तशी ठेवून बाई आणून बसवली की चौकट बदलत नाही, हे आपण पन्नास टक्के आरक्षणानंतरच्या ग्रामपंचायतींतही पाहिलं आहेच.

मला ही चौकट नीट कळली ती १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये. सर्वोच्च न्यायालयासाठी नेमणूक झालेल्या क्लेरन्स थॉमस यांनी आपला लैंगिक छळ केला, असं कायद्याच्या प्राध्यापक अनिता हिल यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं. समितीत चौदा सदस्य, चौदाही पुरुष. थॉमस यांनी सारं नाकारलं. झालं, दोन बाजू तयार झाल्या. त्या आठवड्यात जिथे बटण दाबावं तिथे हेच: ती असं म्हणते, तो तसं म्हणतो. त्यांच्याविषयी सांगायला आणखी एक बाई वॉशिंग्टनमध्ये येऊन बसली होती, तिला बोलावलंच नाही. तिला बसवायला तिसरी खुर्ची होती कुठे? ५२ विरुद्ध ४८ मतांनी थॉमस न्यायमूर्ती झाले.

स्वयंपाकघरात उभी राहून मी ते बघत होते आणि माझ्या कानात मराठी वाक्य वाजत होतं. टाळी एका हाताने वाजत नाही. हे वाक्य कुठे ऐकलेलं नाही आपण? पोलीस ठाण्यात, सासर-माहेरच्या बैठकीत, समजूत काढायला आलेल्या मामाच्या तोंडी. बाईच्या पाठीवर वळ असतात आणि बैठक 'दोन्ही बाजू' ऐकून घेते. 'क्रॉसफायर'ने हीच बैठक स्टुडिओत भरवली, दिवे लावले आणि तिला लोकशाही म्हटलं. थोबाडीत एकाच हाताने मारतात, हे त्या बैठकीत कोणी म्हणत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. २००२ मध्ये समोर टाळ्या वाजवायला प्रेक्षक आणून बसवले. १५ ऑक्टोबर २००४ रोजी विनोदवीर जॉन स्टुअर्ट पाहुणे म्हणून आले आणि तुम्ही देशाचं नुकसान करताय, थांबा, असं तोंडावर सांगून गेले. जानेवारी २००५ मध्ये वाहिनीने कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका माणसाने सत्य सांगितलं आणि दुकान बंद पडलं, अशी गोष्ट आपल्या चळवळीतही कौतुकाने सांगितली जाते. मला ती पटत नाही. त्या दिवशी समोर बसलेले टकर कार्लसन पुढे दुसऱ्या वाहिनीवर गेले आणि २०२३ पर्यंत देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या निवेदकांपैकी एक होते. २०१३ मध्ये 'क्रॉसफायर' पुन्हा काढलं, ते वर्षभरच चाललं. चालायची गरजच काय? तोवर सगळ्याच वाहिन्या क्रॉसफायर झाल्या होत्या. आणि २०२२ च्या जूनमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. बहुमतात न्यायमूर्ती थॉमस होते.

तर हे सगळं ठाऊक असूनही मी स्टुडिओत गेले. पडद्यावर सहा चौकोन. पुरुष-हक्कवाले एक गृहस्थ, एक वकील, दोन पक्षांचे प्रवक्ते, सूत्रसंचालक आणि मी. आमच्या केंद्रात येणाऱ्या एकीने नाव न घेता तिची हकीकत सांगायची परवानगी मला दिली होती. अकरा वर्षांच्या संसाराची हकीकत ती. मला मिळाली जेमतेम चाळीस सेकंदं, तीही तुकड्यातुकड्यांनी. मी 'एक बाई' म्हणाले आणि गृहस्थ ओरडले की अशाने घरं मोडतील.

ती भावाच्या घरी बसून बघत होती. भावाने तिला आसरा दिला होता, तिच्या बाजूने तो वकिलाकडे गेला होता. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात आली. "ताई, ते गृहस्थ बोलत होते ना, ते माझ्या नवऱ्याचंच वाक्य. पण त्याचं काही नाही. भाऊ म्हणाला, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे."

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, आपण गेलो नाही तर मैदान मोकळं सोडल्यासारखं होईल. मीही हेच म्हणत होते. पण हे मैदान आपलं नाही, आपण तिथे पाहुण्याही नाही. आपण त्यांच्या तराजूतलं दुसरं वजन आहोत. आपण जाऊन बसलो की पलीकडच्या पारड्यातल्या माणसाचं म्हणणं तोलामोलाचं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही अठरा वर्षांवरच्या बायकोचा अपवाद तसाच ठेवला गेला. इतक्या संध्याकाळच्या इतक्या आरडाओरड्याने तो अपवाद तसूभर हललेला नाही. जे काही हललं ते खटल्यांनी, साक्षींनी आणि वस्त्यावस्त्यांतल्या बैठकांनी.

गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. मुलगी वेगळी, प्रश्न तोच. मी म्हटलं, येते. पण पंधरा मिनिटं एकटीला द्या, दुसरा चौकोन नको, आणि बाईने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली हकीकत मधे न तोडता ऐकवा. "विचारून सांगते," ती म्हणाली. अजून सांगितलेलं नाही.