एका मजल्याची चूक



गेल्या मंगळवारी पुण्यातल्या एका रुग्णालयात माझ्या सासूबाई एक तास चाळीस मिनिटं हरवल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, विसरभोळेपणा वाढलेला. मनगटावर रुग्णालयानंच बांधलेला वायरलेस पट्टा. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन बघून सांगितलं, ‘‘आजी तिसऱ्या मजल्यावरच आहेत, काळजी करू नका.’’ आम्ही तिसरा मजला तीनदा पालथा घातला. सासूबाई बसल्या होत्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीबाहेर, अनवाणी. त्यांना शोधलं ते झाडणाऱ्या मावशींनी. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘‘काका, एखाद्या मजल्याचा फरक पडतोच.’’

पडतोच? मग तो पट्टा बांधलात कशाला? पट्टा नसता तर आम्ही पहिल्या दहा मिनिटांत सगळे मजले पाहिले असते. पट्ट्यावर भरवसा ठेवला म्हणून दीड तास वाया गेला.

आमच्या जुन्नर भागात पट्टे बिबट्यांनाही ठाऊक आहेत. 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याचा माग गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यामुळे थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत लागला. शंभरावर किलोमीटर चाललेले आजोबा सापडतात आणि एक जिना उतरलेली आजी सापडत नाही! उपग्रहाचा सिग्नल स्लॅबखाली पोहोचत नाही, हे मला कळतं. पण त्यावर उपाय आहेत, ते करायचे नाहीत हे दुखणं आहे.

मी नारायणगावात तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. डोंगरावर आपटून लहर जरा उशिरा आली, की पडद्यावर बातम्या देणाऱ्याच्या शेजारी त्याचीच सावली उभी राहायची. रुग्णालयात तोच प्रकार होतो. लोखंडी खाटा, लिफ्ट, एक्स-रे खोलीतलं शिसं यांवर लहरी आपटतात, अडतात, जिन्याच्या पोकळीतून भलत्याच मजल्यावर जातात. माणसाचं शरीर निम्म्याहून अधिक पाणी. तेही सिग्नल पितं. रुग्ण हात अंगाखाली घेऊन झोपला, की स्वस्तातल्या यंत्रणेला वाटतं तो लांब गेला. कारण ती फक्त सिग्नलचा जोर बघते. लहर पोहोचायला लागलेला वेळ मोजणारी अल्ट्रा-वाइडबँड यंत्रणा कितीतरी अचूक असते. लहर एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जाते, म्हणून नीट बसवली तर तिचा अंदाज फुटा-दोन फुटांतच चुकतो. ती महाग आहे म्हणतात. असेल. एक म्हातारी जिन्यावरून पडली तर ते स्वस्त का?

जळगाव आठवा. जून 2020 मध्ये तिथल्या शासकीय कोविड रुग्णालयात 82 वर्षांची वृद्धा बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच शौचालयात तिचा मृतदेह मिळाला. फरशा, पाइप, बंद दार असलेल्या शौचालयातच सिग्नल दगा देण्याची शक्यता जास्त आणि आजारी माणूस चक्कर येऊन पडण्याचीही. मग पट्ट्यांची चाचणी तिथं नको?

शेजारच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आकाशातली बारीकशी कुजबुज ऐकतात. लहर कुठल्या डिशला किती उशिरा पोहोचली, याचा हिशेब ठेवतात. त्या कामाचा आम्हाला अभिमान आहे. पण याच दुर्बिणीचं कारण सांगून पुणे-नाशिक रेल्वे आमचे तालुके टाळून दुसरीकडे वळवायचं घाटत आहे. म्हणजे आम्ही पेशंट घेऊन चाकणच्या कोंडीतच रखडायचं! लहरींची एवढी काळजी सरकारला असेल, तर थोडी वॉर्डातल्या लहरींचीही करावी.

उद्या हे पट्टे मंचर, घोडेगाव, जुन्नरच्या सरकारी दवाखान्यांतही येतील. निविदेत एकच अट घाला : चाचणी रिकाम्या इमारतीत रात्री नको, भर ओपीडीत, नातेवाइकांच्या गर्दीत, शौचालयासकट प्रत्येक खोलीत घ्या. मजला चुकला तर बिल देऊ नका. आणि चाचणीचा निकाल काउंटरवर लावा.

तोवर त्या मावशींचा पगार वाढवा. त्यांचा मजला चुकला नाही.

– एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)