वहीतला प्रकल्प आणि गावातला प्रश्न

शालेय प्रकल्पाचा एक ठरीव साचा महाराष्ट्रात रूढ झाला आहे. प्रस्तावना, उद्दिष्टे, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शेवटी ‘या प्रकल्पातून मी काय शिकलो’ अशा आशयाचे एक पान. विद्यार्थ्याच्या वाढीचा खरा दाखला मिळायला हवा तो या शेवटच्या पानात. प्रत्यक्षात साऱ्या वहीत सर्वांत निर्जीव पान तेच असते. ‘मला पर्यावरणाचे महत्त्व समजले’ हे वाक्य कोकणातल्या मुलाने लिहावे आणि इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या मुलीनेही लिहावे! दोघांच्या भोवतीचे पाणी वेगळे, माती वेगळी, माणसांची दुःखे वेगळी. समजले ते मात्र अक्षरशः एकच. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच छापून तयार आहे तो प्रश्न मुलाला वाढवू शकत नाही, एवढाच याचा अर्थ.

शाळकरी वयाच्या मुलांना याहून अधिक काही झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मुक्ता साळवे हिचे स्मरण करून द्यावे लागते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. जो धर्म आम्हांला ग्रंथ वाचू देत नाही तो आमचा कसा, हा त्यातला प्रश्न. आणि आपल्या जातीतल्या बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसते, हे त्यातले निरीक्षण. आजच्या भाषेत बोलायचे तर तोही एक शालेय प्रकल्पच होता. फरक इतकाच, की तिने विषय बाजारातून आणला नव्हता. तो तिच्या वस्तीत होता आणि शाळेने तिला तो पाहण्याची दृष्टी दिली होती.

हाताने काम करीत, भोवतालाशी झुंजत शिकावे, हा विचार आपल्याला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याने स्वतःचे मूल्यमापन स्वतः करावे, असेही म्हटले आहे. विचार उत्तम, पण प्रत्येक उत्तम विचाराचे गुणांत रूपांतर करण्याची आपल्या व्यवस्थेची हातोटी विलक्षण आहे. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकण्यात आले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. एकच ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्या साऱ्या चर्चेत ‘निकाल’ हा शब्द सतत ऐकू आला. या वीस गुणांसाठी मुले नेमके काय करतात, ही चौकशी क्वचितच झाली.

ती चौकशी केली असती तर प्रकल्पाच्या वहीत वर्गभेदही दिसला असता. ज्याच्या घरी संगणक आहे, शिकलेले आईबाप आहेत, त्याची वही रंगीत चित्रांनी सजते. ज्याची आई रोजंदारीने खुरपायला जाते त्याला त्याच चित्रांसाठी दुकानात पैसे मोजावे लागतात, नाहीतर कमी गुण सोसावे लागतात. शिक्षण फुकट आणि सजावट विकत, असा हा मामला आहे. मग पहिला मुलगा शिकतो की मेहनत न करता चालते. दुसरा शिकतो की मेहनतीला किंमत नसते. व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणायचा तो हाच काय?

आता शेळगावच्या भोवताली पाहा. हा नीरा डाव्या कालव्याचा पट्टा. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांनंतर ब्रिटिश अमदानीत हा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या शेतीचे रूप पालटले. जवळच वालचंदनगर. खंडाने घेतलेल्या जमिनींवर खासगी कारखान्याची उसाची शेती उभी राहिली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि मूळ खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळविण्यासाठी दशकानुदशके लढावे लागले. पलीकडे उजनीचे धरण. त्याच्या पाण्यात याच तालुक्यातले जुने पळसदेव बुडाले. दर हंगामात बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुले फडाच्या कडेला दिवस काढतात. इतिहास, भूगोल, गणित, नागरिकशास्त्र सारे येथे उघड्यावर मांडलेले असताना मुलांनी ‘जागतिक तापमानवाढ’ कशाची चिकटवावी?

समजा, नववीच्या पाच मुलांनी एवढाच प्रश्न घेतला : कालव्याचे आवर्तन सुटल्यावर चारीच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी केव्हा मिळते आणि शेवटच्या शेताला केव्हा? त्यासाठी पैसा लागत नाही. चारीच्या कडेने चालावे लागते, दिवस मोजावे लागतात, पाटकऱ्याला विचारावे लागते. बड्या बागायतदाराचे उत्तर एक येईल, शेवटच्या टोकाच्या अल्पभूधारकाचे दुसरे. मग खरे कोणाचे? ते ठरविण्यासाठी स्वतः मोजणे, नोंद करणे, पुन्हा जाऊन ताडून पाहणे आले. कदाचित चारीच्या तोंडाशी पाणी घेणारा बाप आपलाच निघेल! त्या क्षणी मुलीच्या मनात जी चलबिचल होईल, ती कोणत्याही छापील वहीत सापडायची नाही. आपल्या माणसाविषयीचे प्रेम राखूनही सत्य लिहिण्याचे धैर्य येणे, यालाच वाढ म्हणतात.

हे स्वप्नरंजन नव्हे. याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. माती-पाण्याची तपासणी, बांधकाम, जोडकाम, वीजजोडणी, पशुपालन ही गावाची खरी कामे करीत मुलांनी शिकावे, अशी ती योजना. मूलभूत तंत्रज्ञानाचा हा अभ्यासक्रम पुढे माध्यमिक शाळांत विषय म्हणून शिरला. तिथल्या कामाची परीक्षा सोपी आणि कठोर असते : भिंत उभी राहते की नाही, दिवा लागतो की नाही. सजावटीला तेथे वाव नाही.

याला दोन आक्षेप येतील. पहिला, शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे. तो खरा आहे. जनगणना, निवडणुका आणि माहितीचे तक्ते यांतून शिक्षकाला मोकळे केल्याशिवाय प्रकल्पांना जीव येणार नाही, आणि ही मागणी पालकांनीही उचलून धरली पाहिजे. दुसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही. मुले पाण्याचा, जमिनीचा, मजुरीचा प्रश्न विचारू लागली तर ज्यांच्या हाती गाव आहे ते दुखावतील, आणि पुष्कळदा तीच मंडळी शाळेच्या समितीवर असतात. वृक्षारोपण निरुपद्रवी, पाणीवाटप अडचणीचे! परंतु मुलांपासून अडचणीचे प्रश्न लपविणारी शाळा नागरिक घडवीत नाही. ती केवळ अर्जदार घडविते.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या प्रकल्पाला पैसे पडतात तो स्वीकारू नये. विषय गावातला असावा आणि तो मुलांनी निवडावा. ऊसतोड कामगारांची मुले हंगामापुरती का होईना, वर्गात आणून बसवावीत. स्थलांतराविषयी त्यांच्याइतके जाणणारा विद्यार्थी दुसरा कोण? आणि पूर्ण झालेला प्रकल्प कपाटात न जाता ग्रामसभेत वाचला जावा. चूक असेल तर गाव ती दाखवील. बरोबर असेल तर गावाला उत्तर द्यावे लागेल. चारीच्या शेवटच्या शेतात पाणी का पोचत नाही, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीने भर सभेत उभे राहून विचारला, की ‘या प्रकल्पातून मी काय शिकले’ हे पान तिला लिहावे लागणार नाही. ते साऱ्या गावाला ऐकू आलेले असेल.