दुसऱ्या संघाची चढण

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की तिच्या पाठीमागे जादा इंजिने जोडण्याची बोरघाटातील रीत जुनी आहे. ३७ फुटांमागे एक फूट असा तेथील चढ. ठाकुरवाडीचे ठाणे मागे टाकीत ही इंजिने गाडी रेटतात, तिला लोणावळ्याला पोचवितात आणि तेथून सुटून पुन्हा खाली उतरतात. पुणे त्यांच्या नशिबी नसते. बड्या फुटबॉल क्लबांच्या राखीव संघांची कथा याहून फारशी निराळी नाही. फरक इतकाच, की इंजिनाला महत्त्वाकांक्षा नसते. वीस वर्षांच्या खेळाडूला ती असते.

एफसी गोवाच्या राखीव संघाने २०१८-१९ च्या हंगामात गोवा प्रोफेशनल लीगचे विजेतेपद मिळविले. ही घटना जितकी गाजावयास हवी होती तितकी गाजली नाही. या लीगमध्ये धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांसारखे राष्ट्रीय विजेतेपद भूषविलेले संघ खेळतात. त्यांच्या मुरलेल्या खेळाडूंसमोर कोवळ्या मुलांनी हंगामभर टिकून राहावे, यातच राखीव संघाचे खरे प्रयोजन सिद्ध होते. सेव्हियर गामा हा बचावपटू याच संघातून पहिल्या संघात गेला. २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तेव्हा गामा त्या चमूत होता. सरावाच्या मैदानावर कितीही घाम गाळला तरी जे येत नाही, ते गुणांसाठी खेळलेल्या सामन्यांतून येते.

ही दृष्टी गोव्यात आली तेव्हा त्या क्लबावर स्पेनची छाया होती, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा बार्सिलोनाच्या संस्कारात वाढलेले. आणि २०१७-१८ व २०१८-१९ या लागोपाठच्या हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारे फेर्रान कोरोमिनास हे एस्पान्योलच्या राखीव संघातून वर आलेले. स्पेनमध्ये राखीव संघ वेगळ्या कोंडवाड्यात खेळत नाहीत. ते देशाच्या लीगच्या उतरंडीतच, प्रौढ संघांच्या बरोबरीने खेळतात. बंधन एकच : आपला मूळ संघ ज्या श्रेणीत आहे, त्या श्रेणीत त्यांना जाता येत नाही.

या बंधनाची चव रेआल माद्रिदच्या कास्तिया या राखीव संघाइतकी कोणी चाखली नसेल. १९७२ मध्ये हे नाव घेऊन उभा राहिलेला हा संघ १९८० मध्ये पहिल्या श्रेणीतील संघांना एकामागून एक गारद करीत राजचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर कोण, तर खुद्द रेआल माद्रिद. बापाने लेकाला सहा विरुद्ध एक असे झोडपले. तरीही, रेआलने लीगही जिंकलेली असल्याने, चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत कास्तियाला स्थान मिळाले, आणि तेथे वेस्ट हॅमला माद्रिदमध्ये ३-१ असे हरवून ते लंडनमध्ये जादा वेळेत ५-१ असे पराभूत झाले. पुढे १९८३-८४ मध्ये कास्तियाने दुसरी श्रेणी जिंकली. दुसरा क्रमांकही बिल्बाओ ॲथलेटिक या राखीव संघाचाच. दोघांपैकी एकालाही बढती मिळाली नाही. १९९० नंतर तर राखीव संघांना राजचषकाचे दारही बंद झाले. परंतु त्या कास्तियातूनच निघालेल्या बुत्राग्येन्यो, मिचेल, सांचिस यांच्या पिढीने रेआलला १९८६ ते १९९० अशी सलग पाच विजेतेपदे मिळवून दिली. संघ खाली राहिला, खेळाडू वर गेले.

राखीव संघांविषयीचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. श्रीमंत क्लबाचा दुसरा संघ जी जागा अडवितो, ती एखाद्या गावाच्या पहिल्या संघाची असते. स्पेनमधील लहान क्लब ही तक्रार करीत आले आहेत. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगकडे पाठ फिरविल्यानंतर गोव्यातील प्रेक्षकालाही ती कळू शकेल. तथापि जागा अडते म्हणून सामनेच नाकारणे हा यावरचा उपाय नव्हे. आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत २०१७-१८ पासून राखीव संघांना बढतीविना प्रवेश मिळाला, ते पाऊल योग्यच होते. २०२२ मध्ये राखीव व युवा संघांसाठी निराळी विकास लीग गोव्यात सुरू झाली, तीही स्वागतार्ह. पण त्या पहिल्या वर्षी प्रत्येक संघाच्या वाट्याला अवघे सात सामने आले! १९८३-८४ च्या कास्तियाला केवळ लीगचेच अडतीस मिळाले होते. शिवाय समवयस्कांशी खेळून मुलगा चपळ होईल. पस्तिशीच्या बचावपटूचा खांदा कसा चुकवावा हे त्याला तेथे कोण शिकविणार?

महाराष्ट्राची अडचण याहून मूलभूत आहे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पुणे एफसी २०१५ मध्ये, आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. शेवटच्या क्लबाचा राखीव संघ आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. मालकांनी क्लब गुंडाळला तेव्हा ती मुलेही उघड्यावर आली. रेआल माद्रिद हा सभासदांच्या मालकीचा क्लब आहे. कास्तियाला पन्नास वर्षांचे आयुष्य लाभले त्याचे एक कारण हेच. येथे मात्र संघाचे आयुष्य मालकाच्या ताळेबंदावर ठरते. तेव्हा ज्या क्लबांना देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळावयाचे आहे, त्यांच्यावर संघटनेने दोन अटी घालाव्यात : राखीव संघ राज्याच्या प्रौढ लीगमध्ये हंगामभर खेळला पाहिजे, आणि क्लब मिटला तरी त्या संघाचा चालू हंगाम पुरा होईल इतकी रक्कम आधीच अनामत ठेवली पाहिजे. ठाकुरवाडीसारख्या वाडीवरचा एखादा मुलगा कर्जतहून गाडी धरून मुंबईच्या मैदानावर पोचलाच, तर निदान त्याच्या पायाखालचा संघ अर्ध्या घाटात सुटू नये, एवढ्याची हमी त्यातून मिळेल.