तोंडाने काही द्यायचं नाही

भाऊजींच्या स्वादुपिंडाला सूज आली तेव्हा त्यांना नांदेडच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहिलं गेलं : तोंडाने काही द्यायचं नाही. ठीक. उलट्या थांबत नव्हत्या, पोट दगडासारखं झालं होतं. तिसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, दुखणं उतरलं आणि भाऊजी म्हणायला लागले, "थोडा वरणभात द्या की." पण ती ओळ तशीच. राउंडला येणारे डॉक्टर बदलले, ओळ बदलली नाही. आठव्या दिवशी ताईने धीर करून विचारलं, तर उत्तर आलं, "सलाईन चालू आहे ना!"

आता जरा हिशोब करू. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या पाच टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाचेक चमचे. अर्ध्या भाकरीएवढीच ताकद, आणि प्रोटीन शून्य. सुरुवातीला पाणी म्हणून सलाईन हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते जेवण नव्हे.

"स्वादुपिंडाला आराम" ही जुनी समजूत आहे. उपाशी आतड्याचं अस्तर दुबळं होतं, तिथले जंतू रक्तात शिरतात आणि आजार चिघळतो. म्हणूनच अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली सांगितलं की सोसत असेल तर २४ तासांच्या आत तोंडाने खायला सुरू करा. नाहीच सोसलं तर नाकातून नळी घाला. आणि त्यासाठी दुर्बिणीने आतड्यापर्यंत नळी सरकवणारा तज्ज्ञच हवा असंही नाही. जठरापर्यंतची साधी नळीही चालते, हे दिल्लीच्या एम्समधल्या एका छोट्या अभ्यासात २००६ सालीच दिसलं होतं. साधी नळी तर तालुक्याच्या दवाखान्यातही असते.

पुढे भाऊजींचा आजार जुनाट झाला. वर्षभरात लातूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा वजन ६२ वरून ४९ वर आलेलं. तिथे काय सांगितलं? तेल-तूप कायमचं बंद, आणि महागड्या पावडरचा डबा सुरू. पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून दिल्या, पण त्या जेवता जेवता, घासाबरोबर घ्यायच्या असतात हे कोणी सांगितलं नाही. ते बिचारे झोपताना घेत होते! अन्न पोटात नसताना घेतलेली कॅप्सूल पचवणार काय?

एम्सचाच २००८ सालचा अभ्यास आहे. जुनाट स्वादुपिंडदाहाच्या कुपोषित रुग्णांचे दोन गट केले. एकाला घरच्या अन्नाचा नीट सल्ला, दुसऱ्याला तयार पूरक आहार. एन्झाइम दोघांनाही. वजन दोन्ही गटांत सारखंच वाढलं. म्हणजे डब्याचं काम ज्वारीची भाकरी, दाट वरण, दही, अंडी, शेंगदाण्याचं कूट यांनीही होतं. फक्त थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि सोबत कॅप्सूल. दारू-तंबाखू मात्र सुटलीच पाहिजे. पण हा सल्ला द्यायला दहा मिनिटं लागतात, आणि डबा लिहायला दहा सेकंद.

दोष आपलाही आहे. लंघन म्हणजे औषध हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. दवाखान्यात माणूस वाळला तर आपण म्हणतो, आजारच तसा आहे. आजार तसा आहेच, पण निम्मं वाळणं आपण घडवून आणलेलं असतं.

२०१२ साली सरकारी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. आज तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना. त्यात भरती रुग्णाचं जेवणही धरलेलं आहे. ऑपरेशनचे फोटो, सह्या, अंगठे, सगळं कागदावर लागतं. मग रुग्णाचं वजन का लागत नाही? भरती होताना आणि सुटी होताना काट्यावर उभं करा, दोन आकडे लिहा. आणि "तोंडाने काही नाही" लिहिणाऱ्याने शेजारी "कधीपर्यंत" हेही लिहावं, रोज नव्याने.

तोवर नातेवाइकांनी एक करावं. लपवून डबा देऊ नका, ते धोक्याचं आहे. पण रोज सकाळी राउंडला विचारा, "साहेब, आज खायला कधी देऊ?"

ताईने हे तिसऱ्या दिवशी विचारायला हवं होतं. आम्ही तेव्हा घाबरलो होतो.