टॉवरची कंपनी आणि सतरा वर्षांचा हिशेब



सुगी संपून मालाचे पैसे हाती आले, किंवा रस्त्यात-टॉवरमध्ये गेलेल्या जमिनीची भरपाई बँकेत जमा झाली, की हल्ली गावोगाव एक प्रश्न विचारला जातो, “साहेब, शेअरमध्ये पैसे घातले तर कसं?” शहरात नोकरीला असलेला कोणी भाचा सांगून गेलेला असतो, की अमुक शेअर त्या वेळी घेतला असता तर आज पैशाचे दहापट झाले असते. भाच्याचे हे ‘असता तर’ कितपत खरे, ते आज आपण कागद-पेन्सिल घेऊन पाहू.

उदाहरण आपल्या रानातलेच घेऊ. शेतातून जाणारे विजेचे उंच टॉवर तुम्ही रोज पाहता. त्यांतले काही राज्याच्या महापारेषणचे, काही खाजगी कंपन्यांचे आणि काही पॉवर ग्रिड या केंद्र सरकारच्या कंपनीचे. पॉवर ग्रिड १९८९ साली स्थापन झाली. ती घरोघर वीज विकत नाही. एका भागातली वीज दुसऱ्या भागात वाहून नेते आणि त्याचे भाडे घेते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी तिची रायचूर-सोलापूर लाइन सुरू झाली, तेव्हा दक्षिणेकडचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले.

हे भाडे कंपनीच्या मर्जीवर नसते. केंद्रीय वीज नियामक आयोग त्याचे नियम ठरवतो. लाइन उभारताना कंपनीने घातलेल्या भागभांडवलावर २००९ पासून पुढची पंधरा वर्षे १५.५ टक्के परतावा धरून ते ठरत आले. म्हणून अशा कंपनीचे उत्पन्न पाणी असलेल्या बागायतीसारखे असते. एकाच वर्षात घर भरत नाही, पण सहसा कोरडेही जात नाही.

आता हिशेब मांडू

सप्टेंबर २००७ मध्ये या कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकले गेले. भाव होता ५२ रुपये. समजा, एखाद्या घराने २२५ शेअर घेतले. खर्च झाला ११,७०० रुपये.

२०२१ मध्ये कंपनीने तीन शेअरांमागे एक बोनस शेअर दिला. २२५ चे ३०० झाले. २०२३ मध्ये पुन्हा तिनास एक दिला. ३०० चे ४०० झाले. २०२४ च्या अखेरीस शेअरचा भाव ३०० रुपयांच्या थोडा वर होता. आपण ३०० च धरू. ४०० गुणिले ३०० म्हणजे १,२०,००० रुपये. सव्वासतरा वर्षांत दहापट, म्हणजे दरसाल चक्रवाढीने सुमारे १४ टक्के.

शिवाय लाभांश वेगळा. सुरुवातीच्या वर्षांत तो शेअरमागे रुपया-दोन रुपयेच होता. २०२३-२४ या वर्षाचा मात्र ११ रुपये २५ पैसे मिळाला. ४०० शेअरांवर ४,५०० रुपये झाले. मूळ रक्कम ११,७०० असताना एका वर्षाचा लाभांश ४,५००! भाच्याचे म्हणणे इथवर बरोबर आहे.

बोनसबद्दल एक खुलासा करतो. बोनस म्हणजे फुकटचे धन असा पुष्कळांचा समज आहे. तीन तुकडे केलेल्या भाकरीचे चार तुकडे केले तर भाकरी वाढत नाही. बोनस दिल्यावर शेअरचा भाव त्या प्रमाणात उतरतो. भाकरी मोठी होते ती कंपनीच्या कमाईने.

मधली वर्षे विसरू नका

नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारने याच कंपनीचे आणखी शेअर ९० रुपयांना विकले. डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा विकले, तेव्हाही भाव ९० च! तीन वर्षे शेअर जागच्या जागी होता. त्याच सुमारास मराठवाड्यात २०१२-१३ चा दुष्काळ पडून गेला होता. छावणीला जनावरे बांधलेल्या घराला तेव्हा हे २२५ शेअर ९० च्या भावाने मोडावे लागले असते, तर हातात आले असते २०,२५० रुपये. सहा वर्षांत दुप्पटसुद्धा नाही.

आता पोस्ट पाहा. २००७ मध्ये किसान विकास पत्र ८ वर्षे ७ महिन्यांत दुप्पट होत होते. आपले ११,७०० रुपये २०१६ च्या एप्रिलमध्ये २३,४०० झाले असते. तेच पुन्हा ठेवले असते तर त्या वेळच्या ११० महिन्यांच्या मुदतीने २०२५ मध्ये ४६,८०० झाले असते. शेअरपेक्षा पुष्कळ कमी खरे, पण रकमेला सरकारची हमी, आणि भावाच्या चढउताराने झोप उडायचे कारण नाही.

यावरून ध्यानात घ्या, की दहापटीचा हिशेब त्याच पैशाला लागू पडतो, जो सतरा वर्षांत एकदाही मोडावा लागला नाही. आपल्या घरात असा पैसा किती असतो? बियाणे-खताचा, दवाखान्याचा, मुलांच्या शिक्षणाचा, दोन वर्षांवर आलेल्या लग्नाचा पैसा हा तसा पैसा नव्हे.

वीज तीच, कंपनी निराळी

दुसरी गोष्ट, हे उदाहरण आपण आज मागे वळून निवडले आहे. पुढे जाऊन कोणती कंपनी फळेल, हे २००७ मध्ये कोणाच्या कपाळावर लिहिलेले नव्हते. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवर या खाजगी वीज कंपनीचे शेअर विक्रीला आले. भाव ४५० रुपये, लहान गुंतवणूकदारांना ४३० रुपये. लोक तुटून पडले. ज्याने २५ शेअर १०,७५० रुपयांना घेतले, त्याचे बोनस धरून ४० झाले. २०२० मध्ये हा शेअर दोन रुपयांच्याही खाली गेला. २०२४ च्या अखेरीस तो ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ४० शेअरांचे १,८०० रुपये. धंदा विजेचाच, पण एक पीक तरारले, दुसरे करपले. म्हणून सगळे रान एकाच वाणाखाली आणू नये.

घ्यायचेच असतील तर

मी शेतीखात्याचा माणूस. अमुक शेअर घ्या किंवा घेऊ नका, असे सांगणार नाही. पण इतके जरूर सांभाळा :

पीककर्जाचा पैसा शेअरमध्ये घालू नका. मुदतीत फेडले तर व्याजाची सवलत मिळते. मुदत चुकली की सवलत जाते, आणि तेव्हा शेअरचा भाव चढलेला असेलच असे नाही.

डीमॅट खाते सेबीकडे नोंदलेल्या दलालामार्फतच उघडा. मोबाइलवर ‘महिन्यात दुप्पट’ सांगणाऱ्याला दारात उभे करू नका.

खात्याला वारसाचे नाव लावा आणि घरातल्या बाईमाणसाला त्याची माहिती द्या. सात वर्षे लागोपाठ लाभांश कोणी घेतला नाही, तर तो आणि ते शेअरही सरकारच्या निधीत जमा होतात. ते परत मिळवता येतात, पण कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, लाभांशाला ती सूट नाही. एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो.

भरपाईचा पैसा हा जमिनीच्या बदल्यात आलेला असतो. तो आधी कर्ज फेडायला, विहीर-ठिबकला आणि अडीनडीच्या ठेवीला लावा. त्यातून जो उरेल, आणि दुष्काळ पडला तरी ज्याला हात लावावा लागणार नाही, तेवढाच सतरा वर्षांच्या पिकाला घाला. आंब्याचे कलम लावताना आपण पुढच्या वर्षी आंबे मागत नाही. इथेही तीच सबुरी हवी.