अमर्याद, पण बेताने

खानावळीतल्या पाट्यांची मी आजवर पुष्कळ टिंगल केली आहे. ती सगळी आज जाहीरपणे मागे घेतो. 'तीन चपात्या, दोन भाज्या, एक वाटी आमटी. जादा चपातीस जादा आकार पडेल.' इतके सरळ वाक्य त्यानंतर माझ्या वाचनात आलेले नाही. अमर्यादित थाळीवाला मालकसुद्धा 'एका ताटात दोघांनी जेवू नये' आणि 'अन्न टाकल्यास दंड' हे तुमच्या नाकासमोर टांगतो. पहिला घास घेण्यापूर्वीच कळते, की आपली गाठ कोणाशी आहे.

माझी गाठ पडली ती फोटो फुकट साठवणाऱ्या एका कंपनीशी. तिच्या जाहिरातीत 'अमर्याद' हा शब्द होता. मी मराठी शाळेत शिकलेला. ज्याला मर्यादा नाही ते अमर्याद, अशी माझी भाबडी समजूत. भाच्याचा स्कॅनर आणला आणि दोन पावसाळे खपून घरातले सगळे आल्बम वर चढवले. वडील आधीच वर गेले होते, आता त्यांची मुंजही गेली. मागोमाग आईचा शालू आणि कोणालाच ओळखू न येणारे चौदा काका. मूळ आल्बमांना वाळवी लागलीच होती. सौ.ने ते रद्दीत काढताना विचारले, "सगळे आहेत ना हो वर?" मी ऐटीत म्हणालो, "अमर्याद!"

मग पत्र आले. माझा वापर म्हणे 'रास्त' नाही. तीस दिवसांत कमी करा, नाहीतर पैसे भरा. रास्त म्हणजे किती, ते धोरणात शोधले. पानेच्या पाने वाचली, आकडा एकही नाही. 'सर्वसामान्य ग्राहक वापरील तितका', एवढेच. अहो, मी जन्मभर सर्वसामान्य म्हणूनच वावरलो! लोकलमध्ये, बँकेत, सासुरवाडीत, कोणी कधी शंका घेतली नव्हती.

फुकट ते फुकट आणि वर तक्रार, असे कोणी म्हणेल. फुकटे मलाही ठाऊक आहेत. मायक्रोसॉफ्टने 2014 साली आपल्या वर्गणीदारांना वनड्राइव्हवर अमर्याद जागा कबूल केली. काही बहाद्दरांनी तिथे 75 टीबीहून जास्त माल भरला. वर्षभरात, 2015 साली, अमर्यादाचे एक टीबी झाले. इथवर ठीक. पण त्याच फटक्यात, ज्यांना अमर्याद कधी मिळालेच नव्हते त्या फुकट खातेदारांचेही 15 जीबीचे 5 करण्याचे ठरले! पंगतीत लाडू कोणी हाणले आणि मीठ कोणाच्या पानातले उचलले! ओरड झाली तेव्हा, जे मागतील त्या जुन्या लोकांचे 15 राहू दिले.

त्यापेक्षा गूगल फोटोजचे बरे. 2015 पासून ठरावीक दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवू दिले. 2020 साली सांगितले, की 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीत धरू; त्याआधीचे मोजणार नाही. वाईट वाटले, पण आकडा होता, तारीख होती, आणि वाढलेले पान कोणी ओढून घेतले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. शंभर द्यायचे असतील तर शंभर लिहा, दहा द्यायचे असतील तर दहा. मी दहा घेईन आणि दुवाही देईन. 'अमर्याद' लिहून गिऱ्हाईक गोळा करायचे आणि ते जेवायला लागले की त्याच्या खाण्याकडे बघत बसायचे, याला आमच्याकडे रास्त म्हणत नाहीत. अप्पलपोटेपणा दोन्हीकडून होतो. पण पाटी मी लावली नव्हती.

हे सगळे मी कंपनीला सविस्तर लिहिले. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये, असे उत्तर आले.

म्हणून सध्या पुसापुशी चालू आहे. फोनमधून आपोआप वर गेलेले सुप्रभातचे गुलाब काल रात्री एकदाचे संपले. आता पाळी चौदा काकांची. सौ. म्हणते, ओळखूच येत नाहीत तर ठेवता कशाला? पण त्यातल्या एकाचे नाक थेट माझ्यासारखे आहे, आणि तीस दिवसांतले अकरा उरले आहेत.